हार्ड डिस्क कुठली घ्यायची ते मागनं बघू, ठेवायची कुठं ते आधी ठरवा

गेल्या आठवड्यात आतेभावाचा फोन आला. मागं दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"दादा, एक टीबीची घेऊ का दोन? आणि ती फिरणारी घेऊ का एसएसडी? हा पोरगा म्हणतोय एसएसडीच घ्या, लई फास्ट हाय."

मी विचारलं, "घेऊन ठेवणार कुठं?"

"लॅपटॉपच्या बॅगेत की. आणि कुठं ठेवणार?"

"मग आज काही घेऊ नको. घरी ये."

तो वैतागला, पण आला. त्याला चहा पिता पिता जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची किंमतही भरलेली आहे.

आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात. २००५ च्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची वडिलांनी भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढून ठेवलेली. आमच्यासाठी ती रेघ म्हणजे देवाची आण होती. कपाट, फ्रिज, मीटर, सगळं त्या रेघेच्या हिशोबानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घर सोडताना लॅपटॉपची बॅग मी रेघेच्या चांगली हातभर वर, कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. बॅगेत लॅपटॉप होता आणि बाजूच्या कप्प्यात बॅकअपची हार्ड डिस्क. दोन दिवसांत परत येऊ असा अंदाज होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं, २०१९ ला ते ५७ च्या पुढं गेलं. म्हणजे रेघेच्या वर हातभर नाही, पुरुषाच्या छातीएवढं.

घरी परतल्यावर बॅगेतून गाळ निथळत होता. डिस्कचं प्लॅस्टिकचं कवच उघडलं तर आतल्या लोखंडी डबीच्या झाकणावर एक बारीक छिद्र आणि शेजारी छापलेली सूचना: हे छिद्र झाकू नका. आत-बाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. हवा जाते तिथून कृष्णामाईही गेली. मुलीच्या पहिल्या तीन वर्षांचे फोटो नंतर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवरून गोळा केले. मूळ फोटो चार एमबीचा असेल तर तो दीडशे-दोनशे केबीचा होऊन परत आला. मोबाइलवर बरा दिसतो, छापायला गेलं की नाकडोळे विरघळतात.

माझ्याकडं बॅकअप होता. तो मूळ प्रतीच्या शेजारी बसून एकाच पाण्यात बुडाला, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट, बॅकअप म्हणजे नेमकं काय. घरी लॅपटॉप भरला की लोक फोटो उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकतात आणि लॅपटॉपमधून पुसतात. आता फोटो एकाच जागी राहिले, फक्त जागा बदलली. ते गोदाम झालं, बॅकअप नाही. बॅकअप म्हणजे तीच वस्तू एकाच वेळी दोन वेगळ्या ठिकाणी असणं. दुसरी फसगत त्याहून जास्त बघतो: "डी ड्राइव्हला ठेवलंय की सगळं." बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. मध्ये भिंत असली तरी घर एकच. विंडोज बिघडून सी पुसावा लागला तर डी वाचतो हे खरं, पण डिस्क मेली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा पाण्यात गेला तर दोन्ही खोल्या बरोबरच जातात.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी फोटोग्राफरनं यासाठी तीन-दोन-एक असा नियम लोकांच्या तोंडी बसवला. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. व्यावसायिक लोक तो काटेकोर पाळतात. आपल्याला घरासाठी त्यातलं शेवटचं 'एक' पाळता आलं तरी निम्मी लढाई जिंकली. माझं मत विचाराल तर, महागडी एक डिस्क घेण्यापेक्षा साध्या दोन घ्या आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. खाली जे काही आहे ते या मताच्या आधारानं वाचा.

आता किती मोठी घ्यायची. आधी लॅपटॉपमध्ये किती भरलंय ते बघा. विंडोज आणि सॉफ्टवेअर परत टाकता येतात, त्यांचा विचार सोडा. तुमचं स्वतःचं किती, एवढंच मोजा. वीस हजार फोटो, प्रत्येकी चार एमबी धरले तर ८० जीबी होतात. लग्नाचा व्हिडिओ स्टुडिओवाल्यानं पेनड्राइव्हवर दिला असेल तर आणखी पन्नास-साठ जीबी. सातबाऱ्याचे उतारे, पॉलिसीची कागदपत्रं, मुलांचे निकाल हे सगळं मिळून एक जीबी झालं तरी पुष्कळ. आतेभाऊ मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं हिशोब बघतो. घरी त्याच्या लॅपटॉपवर टॅलीचा जो डेटा आहे तो आकारानं एका सिनेमापेक्षा लहान. गेला तर मात्र मार्चअखेरीला त्याच्या तोंडचं पाणी पळेल. आकाराचा आणि मोलाचा इथं काही संबंध नसतो.

जे निघेल त्याच्या दुप्पट-अडीचपट डिस्क घ्यावी. कारण चांगला बॅकअप जुन्या आवृत्त्याही जपतो. मंगळवारी फाइल चुकून बिघडली आणि शुक्रवारी लक्षात आलं, तर सोमवारची प्रत हवी असते. बहुतेक घरांना एक टीबी पुरते. डिस्क जोडल्यावर विंडोज १ टीबीऐवजी ९३१ जीबी दाखवतं आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. माल तेवढाच, फक्त माप वेगळं.

मग दुकानातल्या पोरानं टाकलेला प्रश्न: फिरणारी का एसएसडी?

फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात. लहान पोर्टेबल डिस्कमध्ये त्या साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावर एक सुईसारखा दांडा सरकत राहतो आणि त्याच्या टोकाचं वाचनयंत्र तबकडीला न टेकता वर तरंगत असतं. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी. चालू असताना डिस्क टेबलावरून पडली की ते टोक तबकडीवर घासतं आणि तिथला मजकूर खरवडून निघतो. बंद असताना ते टोक बाजूला जाऊन बसतं, त्यामुळं धक्का जरा सोसतो. म्हणून चालू डिस्क हातात धरून कुणाला दाखवत फिरू नका आणि वायर आडवी येईल अशी लोंबू देऊ नका. आमच्याकडं मांजरानं एकदा तेवढं केलंय.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. चिपमधल्या असंख्य कप्प्यांत विजेचा भार अडकवून ठेवलेला असतो. पडली तरी बहुधा काही होत नाही, आवाज नाही, खिशात मावते, आणि वेग कितीतरी जास्त. पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला सव्वाशे एमबीच्या आसपास चालते, तर एसएसडी पाचशे ते हजार. मग एसएसडीच का घेऊ नये?

एक तर पैसे. तेवढ्याच जागेला ती बरीच महाग पडते, आणि भाव सतत वरखाली होत असल्यानं आकडा लिहिण्यात अर्थ नाही. दुसरं, वेग आपल्याला इथं लागतोच किती? पहिली पूर्ण प्रत एकदाच घ्यायची. ४०० जीबी सेकंदाला १०० एमबीनं उतरायला सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतो, बारीक बारीक फाइली असतील तर आणखी वेळ. पुढं दर वेळी फक्त नवीन झालेलं जातं. रात्री लावा आणि झोपा. तिसरं कारण दुकानात कुणी सांगत नाही: एसएसडीतला तो विजेचा भार वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास हळूहळू ओसरू शकतो, उष्णतेत जास्त लवकर. नव्या एसएसडीला एवढ्यात भीती नाही. पण कपाटात टाकून पाच वर्षं विसरून जायची वस्तू ती नव्हे. शिवाय मरताना ती बऱ्याचदा काही कळू देत नाही. आज चालू, उद्या कॉम्प्युटरला दिसतच नाही. हार्ड डिस्क पुष्कळदा आधी कुरकुरते, टक-टक वाजते, फाइल उघडायला उशीर लावते. म्हाताऱ्या माणसासारखी सूचना देते.

त्यामुळं माझा सल्ला असा की घरात बसून राहणाऱ्या बॅकअपला साधी हार्ड डिस्क घ्या. रोज बॅगेतून हिंडणार असेल, मोटरसायकलच्या डिकीत आदळणार असेल, तरच एसएसडीला पैसे घाला.

हार्ड डिस्कमध्येही एक पोटभेद आहे. जुन्या पद्धतीत तबकडीवरचे पट्टे शेजारी शेजारी, वेगवेगळे असतात. नव्या, स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये ते छपरावरच्या मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून बसवलेले असतात. याला एसएमआर म्हणतात. कौलं अशी बसवली की तेवढ्याच जागेत जास्त मावतात, पण मधलं एक फुटलं तर वरची ओळ उचलावी लागते हे ज्याचं घर कौलारू होतं त्याला सांगायला नको. डिस्कचंही तसंच. मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. म्हणून मोठी कॉपी लावल्यावर सुरुवातीला भरभर जाते आणि अर्ध्यावर आल्यावर एकदम बैलगाडी होते. डिस्क बिघडली असं समजून लोक ती उपटून काढतात. तसं करू नका, चालू द्या. बॅकअपसाठी ही डिस्क ठीक आहे. तिच्यावर रोज व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर मात्र नको.

कंपनीबद्दल मी फार बोलत नाही. हार्ड डिस्क बनवणाऱ्या जगात आता तीनच मोठ्या कंपन्या उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. प्रत्येकीच्या डिस्क मरतात. (हा धंदा किती थोड्या हातांत आहे ते २०११ ला कळलं. थायलंडमध्ये महापूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले. पुराचं आणि डिस्कचं वैर आपल्यापुरतं नाही.) वॉरंटी तीन वर्षांची असेल तर बरं, पण ती फक्त डब्याची असते, आतल्या फोटोंची नाही. बिघडलेली डिस्क बदलून घेताना तुमची जुनी डिस्क, आतल्या सगळ्या मजकुरासकट, कंपनीकडं जाते हेही ध्यानात असू द्या.

ऑनलाइन एक प्रकार सर्रास चालतो. '१६ टीबी एसएसडी, फक्त दोन हजारात.' चांगल्या कंपनीची एक टीबी त्याच्या कितीतरी पट पैशाला पडते, मग सोळा टीबी दोन हजारात कुठून येणार? अशा डब्यात बहुधा एखादं लहान मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि त्याला 'मी सोळा टीबी आहे' असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. तुम्ही फोटो टाकत राहता, नावं दिसत राहतात. खरी जागा संपली की नवीन फोटो जुन्यांच्या अंगावर लिहिले जातात किंवा हवेतच जातात. हे कळतं सहा महिन्यांनी, फोटो उघडायला गेल्यावर. शंका असेल तर 'एचटूटेस्टडब्ल्यू' हे फुकटचं सॉफ्टवेअर नव्या, रिकाम्या डिस्कवर चालवा. ते सगळी डिस्क काठोकाठ भरतं आणि भरलेलं सगळं परत वाचून पडताळतं. मोठ्या डिस्कला बरेच तास लागतात, पण एकदाच करायचं आहे. पक्कं बिल घ्या, आणि डिस्कवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा.

वायर आणि भोक यांचंही थोडं बघून घ्यावं. जुन्या लॅपटॉपला काळ्या जिभेचं यूएसबी दोन असतं, त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबीच जातात. यूएसबी तीनची जीभ बऱ्याच लॅपटॉपना निळी असते. तीच डिस्क काळ्यातून निळ्यात घातली की तिप्पट वेगानं चालते. रंगाचा नियम सगळ्याच कंपन्या पाळत नाहीत, म्हणून शेजारी एसएस अशी अक्षरं कोरलीत का तेही बघा. डिस्कबरोबर आलेलीच वायर वापरा. मोबाइल चार्ज करायची टाइप-सी वायर दिसायला तशीच असते, पण बऱ्याचदा आतून यूएसबी दोनची निघते.

फॉरमॅटबद्दल, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीबद्दल, इतकंच: घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मुलीचं मॅकबुक आणि तुमचं विंडोज दोन्हीकडं चालायला हवी असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतं पण त्यावर लिहीत नाही. जुनं फॅट३२ नको, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथं अडकतो.

कॉपी हातानं करत बसू नका. आपण दोन वेळा उत्साहानं करतो, मग दिवाळीपर्यंत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलच्या आत 'फाइल हिस्टरी' आहे, मॅकला 'टाइम मशीन' आहे. दोन्ही फुकट आणि जुन्या आवृत्त्या जपणारी. फाइल हिस्टरी मात्र डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असेच ठरलेले फोल्डर घेते. तुमचा खजिना डी ड्राइव्हवर 'नवीन फोल्डर (३)' मध्ये असेल तर तो फोल्डर तिच्या यादीत आपण होऊन जोडावा लागतो. ही गोष्ट मला दोन वर्षांनी कळली.

काम झालं की डिस्क काढून ठेवायची. आळसानं कायम जोडून ठेवली तर ती लॅपटॉपचाच अवयव होते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. असल्या व्हायरसला जोडलेली डिस्कही दिसते आणि तिलाही तो कुलूप घालतो. वीज कडाडली, व्होल्टेज उसळलं, तरी दोन्ही एकदम जळायची भीती. काढताना आधी 'इजेक्ट' म्हणा. स्क्रीनवर कॉपी संपली असं दिसलं तरी शेवटचे घास डिस्कच्या तोंडातच असू शकतात.

क्लाउडचं काय, असा प्रश्न येतोच. गूगलची फुकटची जागा १५ जीबी. महत्त्वाची कागदपत्रं, टॅलीचा बॅकअप यांना ती उत्तम, तेवढं जरूर ठेवा. पण ५०० जीबी फोटो मोबाइलच्या रोजच्या दीड जीबी डेट्यावरून चढवायचे म्हटले तर ३३३ दिवस लागतील, आणि त्या दिवसांत घरातल्या कुणी रील बघायचं नाही. घरात फायबर असेल तर गोष्ट वेगळी.

मग दुसऱ्या डिस्कची जागा. माझी दुसरी विश्रामबागला मावशीकडं असते. तो भाग उंचावर. डिस्क झिपच्या पिशवीत, आत ओल शोषणारी पुडी, वर कागदावर तारीख. डिस्क पासवर्डनं बंद केलेली आहे. मावशीवर अविश्वास नाही, पण घरात चोर शिरला तर त्याला आमची पॅन कार्डं कशाला? विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे, होम असेल तर 'व्हेराक्रिप्ट' फुकट मिळतं. पासवर्ड विसरलात तर डिस्क म्हणजे वीट. म्हणून तो कागदावर लिहून तिसऱ्याच ठिकाणी ठेवलाय.

पावसाळ्यात आमच्या घरी आता एक साधा नियम आहे. आयर्विनला ४० फुटांची इशारा पातळी आली की घरातली डिस्कही बाहेर जाते. ४५ ची, म्हणजे धोक्याची, वाट बघायची नाही. तेव्हा माणसं आणि औषधं हलवायची असतात, डिस्क कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि भिजलीच तर? जोडून 'चालतीय का बघू' हा मोह आवरा. मी तेच केलं होतं. गाळ आत असताना तबकडी फिरली की जे वाचलं असतं तेही खरवडतं. तांदळात पुरून ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका. तशीच पिशवीत घालून डेटा काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडं न्या.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, मी दोन्ही डिस्क बाहेर काढतो आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लावून पाच-सहा जुन्या फाइली उघडून बघतो. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप आहे का नाही, हे उघडल्याशिवाय कळत नाही. पाच वर्षांची झालेली डिस्क मी मुख्य कामातून काढतो.

आतेभावानं शेवटी एक टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क घेतल्या. त्याची बहीण तासगावला दिलीय, आणि दर संकष्टीला तो तासगावच्या गणपतीला जातोच. तेव्हा इकडची डिस्क तिकडं आणि तिकडची इकडं, असं ठरलं. कॅलेंडरमध्ये वेगळी खूण करायची गरज नाही. परवा रात्री दहाला त्याचा फोन.

"दादा, अजून सहा तास दावतंय. डिस्क खराब लागली काय?"

"कुठल्या होलात घातलीस, काळ्या का निळ्या?"

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

"थांब, बॅटरी लावून बघतो."